गुडघ्यावरचा हात

माझे सासरे कोणासाठीही उठतात. दारात माणूस दिसायचा अवकाश, हे उभे. मग आलेला वयानं मोठा असो की नातवाच्या वयाचा, ओळखीचा असो की पत्ता चुकलेला. एकदा छपरावरून पडून त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हाही मीटर बघायला आलेल्या माणसासाठी ते एका पायावर उभे राहिले, छातीवर हात ठेवून वाकले आणि तोल जाऊन त्याच्याच अंगावर कोसळले. त्यानंतर कित्येक महिने तो बिचारा आमच्या फाटकात न शिरता अंदाजानंच आकडा टाकायचा. आमच्या वस्तीत ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. मीही सांगायचे. ताश्कंदच्या इस्पितळात मात्र ती आठवली की मला हसू येईनासं झालं.

नोरबोता त्यांचं नाव. आमू नदीचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून कार्शीच्या कोरड्या माळावर चढवणारे जे पंप आहेत, त्यांच्यावर त्यांची उभी हयात गेली. मी त्यांच्या धाकट्या मुलाची बायको. धाकट्याच्या बायकोनं सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत करायचं, हे आमच्याकडे लग्नाच्या दिवशीच ठरलेलं असतं, कोणी विचारत नाही. सासूबाई गेल्या, नवरा सायबेरियात गॅसच्या कामावर, म्हणजे घरात आम्ही दोघंच. दोघं म्हणजे तरी काय, मी मान वळवून चहाचा पेला पुढे करायचा आणि त्यांनी तो घ्यायचा. बोलणं कामापुरतं. इतक्या वर्षांत माझं बोट त्यांच्या बोटाला लागलं नव्हतं. शाळेत मी घसा फोडून रसायनशास्त्र शिकवते, वर्ग मला टरकून असतो, पण घराच्या फाटकात शिरले की आवाज आपोआप खाली येतो.

त्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. आधी पाय सुजले, मग पोट, मग छातीत पाणी भरलं आणि आडवं पडलं की जीव घाबरा व्हायला लागला. लघवी होण्याची औषधं वाढवत नेली तरी लघवी आटतच गेली. कार्शीच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आम्हाला ताश्कंदला पाठवलं. तिथल्या सैदा रुस्तमोव्ना या डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या निघाल्या. त्या म्हणाल्या, मूत्रपिंडं अजून मेलेली नाहीत, उपाशी आहेत. हृदयात रक्त तिथवर रेटायचा जोर उरलेला नाही. रक्त पोचत नाही म्हणून लघवी नाही, लघवी नाही म्हणून अंगात पाणी, आणि त्या पाण्याचं ओझं पुन्हा हृदयावरच. यंत्रावर रक्त धुवायचं म्हटलं तर हे हृदय ते सोसणार नाही.

एक उपाय राहिला होता. एक नवा पंप, पेन्सिलीएवढा बारीक. जांघेतल्या धमनीतून तो वर सरकवायचा, पोटातल्या मोठ्या धमनीला मूत्रपिंडांचे दोन फाटे फुटतात त्याच्या जरा वर नेऊन उघडायचा आणि फिरवायचा. छाती कापायची नाही, पोट उघडायचं नाही. पंप काही दिवस रक्त खाली रेटणार, तेवढ्यात मूत्रपिंडं जागी झाली की तो काढून घ्यायचा. पण तो अजून परीक्षेत होता. आजवर मोजक्याच माणसांना बसवलेला. हेही बाईंनी लपवलं नाही.

माझे थोरले दीर, एशमुरोदभाऊजी, ऐकूनच भडकले. त्यांच्या बापावर कोणी प्रयोग करायचा नाही, बापाला घरी न्यायचं, आपल्या अंगणात, आपल्या माणसांत. घरी न्यायचं म्हणजे कशासाठी न्यायचं, ते खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. सासरे मात्र बाईंना भलतंच विचारत होते. चकती फिरते किती वेगानं, धुरा टेकलाय कशावर, रक्तात गरम होत नाही का. बाईंनी हसून उत्तरं दिली. मग सासऱ्यांनी थोरल्या मुलाकडे पाहिलं, त्याच्यावरून नजर काढली आणि थेट मला विचारलं.

"सूनबाई, तुझं काय म्हणणं?"

आमच्याकडे असं कोणी करत नाही. थोरला मुलगा समोर उभा असताना धाकट्या सुनेला कोणी विचारत नाही. मी फरशीकडे बघत म्हटलं, "बसवावा, बाबा."

"शाळेतली काचेची नळी वाटली का ही?" भाऊजी म्हणाले. "फुटली तर दुसरी आणायला?"

सासऱ्यांनी होकार दिला, आणि तो माझ्या शब्दावर दिला, एवढंच त्या दिवसापासून घरात उरलं. ते वाचले तर त्यांच्या नशिबानं, गेले तर माझ्यामुळे. भाऊजींनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मला फक्त ते वाचायला हवे होते. भीती इतकी होती की तोंडात घास फिरायचा.

सकाळीच पंप बसवला. सासऱ्यांना अतिदक्षता विभागात आणलं तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. उजव्या जांघेतून एक नळी बाहेर येऊन पलंगाशेजारच्या यंत्राला जोडलेली, यंत्राच्या पडद्यावर एक हिरवी रेघ, आणि कान देऊन ऐकलं तर बारीक गुणगुण. लघवीची पिशवी पलंगाच्या पायथ्याशी, पलीकडच्या बाजूला लटकवली होती. त्यात आदल्या दिवसाचा जो काही गढूळ घोट होता तो फेकून पिशवी नवी लावली होती, म्हणजे आता पडेल ते पंपाचं.

सैदा रुस्तमोव्नांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, दोनच गोष्टी लक्षात ठेव. पहिली पिशवीची. हिरव्या चहासारखं फिकं पिवळं पडलं तर पंप काम करतोय. काळ्या चहासारखं पडलं तर पंप रक्त दळतोय, लगेच काढावा लागेल, आणि काढल्यावर माझ्याकडे दुसरं काही नाही.

"आणि दुसरी?"

"हा पाय. गुडघा वाकला की जांघेतली नळी वाकते आणि पंप जागचा हलतो. धमनीच्या भिंतीला लागला, तर मी धावत येईन, पण धावत येऊन काय करीन ते मला विचारू नकोस. बसायचं नाही, उठायचं नाही. कळलं?"

मला कळलं. प्रश्न सासऱ्यांचा होता. बाई आत आल्या तशी त्यांनी कोपरं टेकली होती आणि पाठ उचलली होती. बाईंनी खांदे दाबून त्यांना परत झोपवलं.

आधी गुडघ्याला पट्टा बांधला. पण पाय सुजून नुसता थुलथुलीत झाला होता, पट्ट्याखाली कातडी फाटून पाणी झिरपायला लागलं. वेरा नावाची नर्स होती, इथल्याच कोरियन वस्तीत वाढलेली, जिभेला हाड नसलेली. तिनं पट्टा काढून टाकला आणि माझ्याकडे बोट केलं.

"तू. इथे बस आणि गुडघा धर."

मी म्हटलं, मी सून आहे. ती म्हणाली, "मग काय, सुनेला हात नसतात?" मी म्हटलं, त्यांचा मुलगा बाहेर आहे, त्याला बोलवा. वेरा म्हणाली, तो मुलगा सकाळपासून दोनदा आत घुसलाय, एकदा सुके जर्दाळू घेऊन, हृदयाला चांगले म्हणून. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाला जर्दाळूतलं पोटॅशियम म्हणजे सरळ विष, ते तिनं हातातून हिसकावून घेतले. त्याला ती पलंगाजवळ उभं करणार नव्हती.

मी स्टुलावर बसले आणि दोन्ही तळवे सासऱ्यांच्या गुडघ्यावर ठेवले. चादरीवरूनच, पण ठेवले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी फरशीकडे बघत राहिले. दोघंही लाजेनं अर्धे झालो होतो. थोडा वेळ असाच गेला आणि मग भीती लाजेपेक्षा मोठी झाली, कारण पिशवीत काहीच पडत नव्हतं.

वेरा मधूनमधून यायची, वाकून बघायची, ओठ आवळायची आणि जायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचे. तिनं एकदाही मान डोलावली नाही. माझ्या तळव्यांखाली सासऱ्यांचा गुडघा थंड होता. पंप फिरतोय, रक्त खाली जातंय, तर मग कुठे जातंय? उपाशी आहेत म्हणाल्या होत्या बाई. उपाशी नसतील तर? मेली असतील तर? तर मी एका मरणाऱ्या माणसाच्या धमनीत उगाच लोखंड घालायला लावलं होतं, आणि तेही त्यानं मला मानानं विचारलं म्हणून.

"सूनबाई," भिंतीकडे तोंड करूनच सासरे म्हणाले. "पडलं का काही?"

"नाही, बाबा. पडेल."

मग ते हळूहळू बोलायला लागले. इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. म्हणाले, वसंतात पहिल्यांदा पंप सुरू केले की पंपांच्या स्टेशनवर कोणी चहाला हात लावायचं नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला एक माणूस बसवलेला असायचा. पाणी माळ चढून तिथवर गेलं की तो फोन करायचा आणि दोनच शब्द बोलायचा, 'पाणी आलं.' मग चहा. कधी कधी फोन यायलाच तयार नसायचा. पंप व्यवस्थित फिरतोय, आवाज बरोबर आहे, आणि पाण्याचा पत्ता नाही. कुठे बांध फुटलाय, कुठे वाळूनं पिऊन टाकलंय, काही कळायचं नाही.

"मग काय करायचात?"

"काय करणार? आवाज ऐकत बसायचं." ते थांबले. "भीती वाटायची. उस्तादसुद्धा गप्प व्हायचे."

तेवढ्यात दिवे गेले. त्या जानेवारीत थंडीनं सगळ्या शहराची वीज खाल्ली होती, इस्पितळातही ती यायची-जायची. खिडकीतून दुपारचा उजेड होता, पण यंत्र टीं टीं करायला लागलं. मी ओरडणार होते. सासऱ्यांनी हात वर केला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"बॅटरीवर गेलाय," ते म्हणाले. "आवाज बदललेला नाही."

दिवे परत आले. मी मात्र गुडघा आणखी घट्ट धरून बसले.

या उस्तादांबद्दल सांगायला हवं. तुर्दी उस्ताद, स्टेशनचे जुने मुख्य इंजिनियर. सासरे शिकाऊ म्हणून लागले ते त्यांच्या हाताखाली. पाना कसा धरायचा इथपासून लग्नात कोणाला बोलवायचं इथपर्यंत सगळं उस्तादांनी ठरवलेलं. आता नव्वदीच्या पुढे गेले होते, कार्शीला मुलीकडे असायचे, डोळ्यांत मोतीबिंदू, काठीशिवाय चालणं नाही. सासरे अजूनही त्यांचं नाव घेताना बसलेले असले तर सरळ होऊन बसतात.

भाऊजींना वाटलं, बापाला औषध लागत नाहीये, दुवा लागेल. हेतू वाईट नव्हता, हे मी आज कबूल करते. तेव्हा केलं नसतं. त्यांनी आदल्याच दिवशी कोणालाही न सांगता कार्शीला माणूस पाठवला, उस्तादांना गाडीत घालून ताश्कंदला आणलं, पहारेकऱ्याला गोड बोलून वळवलं, उस्तादांच्या चपानावर, म्हणजे कापूस भरलेल्या जाड अंगरख्यावर, पांढरा डगला टाकला, बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या आणि त्यांना हाताला धरून अतिदक्षता विभागाच्या दारात आणून उभं केलं.

मी दाराकडे पाठ करून बसले होते. मला आधी सासऱ्यांचा चेहरा दिसला. सुजलेला, राखेच्या रंगाचा चेहरा एकदम उजळला. कित्येक महिन्यांत मी तो असा पाहिला नव्हता. मागून भाऊजींचा आवाज आला, कौतुकानं भरलेला. "बाबा, बघा कोण आलंय."

आणि माझ्या तळव्यांखाली गुडघा वर यायला लागला.

मी दाबला. तो थांबेना. एवढा आजारी माणूस, दोन घोट पाणी गिळताना दमणारा, पण तो जोर मी आजही विसरले नाही. कोपरं टेकली, पाठ उचलली, उजवा हात छातीकडे निघाला. उस्ताद उभे आहेत आणि आपण आडवे, हे त्यांच्या हाडांनाच सहन होत नव्हतं. मी बाबा, बाबा म्हणत होते, ते ऐकतच नव्हते. यंत्राची गुणगुण चिरकली.

मग मी उठले आणि त्यांच्या पायावर आडवी पडले. छातीचा, पोटाचा, सगळा भार टाकला. डोक्यावरचा रुमाल सुटून खाली गेला.

"झोप!" मी किंचाळले. "झोप म्हणते ना, हलू नकोस!"

सासऱ्यांना. एकेरीत. उस्तादांच्या आणि थोरल्या दिरांच्या देखत, उघड्या डोक्यानं.

यंत्र कर्कश्श वाजायला लागलं. हिरवी रेघ लाल झाली. वेरा धावत आली, तिनं चादर बाजूला केली, जांघेवरची पट्टी बघितली. पट्टीच्या कडेनं लाल डाग पसरत होता. तिनं त्याच्याभोवती पेनानं रेघ ओढली, यंत्राची दोन बटणं दाबली, आवाज थांबला. रेघ परत हिरवी झाली, पण पहिल्यासारखी सरळ नाही, थरथरती.

भाऊजी दारातून माझ्यावर ओरडत होते, लाज सोडलीस का, बापाच्या अंगावर चढतेस का. वेरानं त्यांची बाही धरली.

"ओरडायचं तर बाहेर ओरड." मग माझ्याकडे वळली. "सैदा रुस्तमोव्नांना आणि आतलं बघायची, सोनोग्राफीची मशीन घेऊन येते मी," ती मला म्हणाली. "पंप हलला असेल. नसेलही. तोवर हा पाय केसभर हलता कामा नये."

भाऊजींना ओढत ती गेली. दार आपटलं. खोलीत सासरे, मी आणि उस्ताद राहिलो. उस्तादांना ओढत न्यायची हिंमत वेरालाही झाली नव्हती.

मी पायावरून उठून परत स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यावर. पंप हलला असेल, धमनीला लागला असेल, आत रक्त भरत असेल, हे एवढंच डोक्यात. सासरे रडत होते. आवाज न करता, छताकडे बघत. आणि तरीही, देवाशपथ, त्यांचा गुडघा अजून माझ्या हाताला ढुशा देत होता. लहान लहान. ते स्वतःला आवरू बघत होते आणि त्यांचं अंग ऐकत नव्हतं.

"उस्ताद उभे आहेत," ते पुटपुटले. "सूनबाई, उस्ताद उभे आहेत."

मी उस्तादांकडे पाहिलं. मला वाटलं ते मला शाप देतील. ते मोतीबिंदूच्या डोळ्यांनी अंदाजानं माझ्याच दिशेनं बघत होते.

"फिरतोय का तो?" त्यांनी विचारलं. "पंप?"

"हो."

"आणि हा गाढव चालू पंप हलवतोय?"

उस्ताद काठी टेकत पलंगाच्या पायथ्याशी, पलीकडच्या बाजूला आले. चाचपून त्यांनी पलंगाची कड धरली. मग काठी सोडली आणि खाली जायला लागले, एकेक गुडघा मोजून वाकवत, कण्हत. मी एक हात पुढे करणार होते, तो गुडघ्यावरून काढता येईना. ते फरशीवर बसले. त्या बर्फासारख्या फरशीवर, मांडी घालून, नव्वदीच्या पुढचा माणूस. त्यांचं डोकं पलंगाच्या पातळीखाली गेलं, नुसती टोपी दिसत राहिली.

"नोरबोता," खालून आवाज आला. "आता उठलास तर माझ्या डोक्यावर उभा राहिल्यासारखं होईल. पडून राहा."

सासऱ्यांचा गुडघा माझ्या हाताखाली सैल पडला. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, आडव्यानंच, आणि डोळे मिटले.

नंतर काहीच नाही. यंत्राची गुणगुण होती. तिच्यात काही बदललं होतं का, ते मला कळत नव्हतं, आणि सासऱ्यांना विचारायची हिंमत होत नव्हती. बाहेर चाकांचा आवाज आला, मला वाटलं मशीन आली, तो पुढे निघून गेला. पट्टीवरचा लाल डाग पेनाच्या रेघेला टेकला होता. रेघ ओलांडतोय का, मी बघत होते. टक लावली की तो वाढतोय असं वाटायचं, डोळे मिटून उघडले की तेवढाच.

उस्ताद दुवा पुटपुटत होते. मग मध्येच थांबले.

"पाणी आलं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. सासऱ्यांनी डोळे उघडले.

"माझ्या नाकासमोर पिशवी आहे," उस्ताद म्हणाले. "पडतंय. टिप. टिप. पाणी आलं, नोरबोता."

पडतंय. पण काय पडतंय? एवढ्या धक्क्यानंतर लगेच पडायला लागलं, ते रक्त दळून पडत नसेल कशावरून?

"उस्ताद, रंग कसला आहे?"

"काय?"

"रंग. काळ्या चहासारखा की हिरव्या?"

टोपी जरा पुढे वाकली, मागे आली. "पोरी, मला थेंब पडलेला दिसतो. रंग दिसून किती वर्षं झाली."

पिशवी पलंगाच्या पलीकडच्या बाजूला होती. स्टुलावरून मान कितीही लांबवली तरी दिसत नव्हती. बघायचं तर हात सोडावे लागणार होते. मी दाराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं. मी वाकून पाहिलं, पलंगाची दांडी आड येत होती. हात सोडायचे तर ते उठले म्हणजे? आणि न सोडावे तर तिथे काळं पडत असेल, पंप रक्त दळत असेल, आणि मी इथे गुडघा धरून बसलेली. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं. हात सोडता येत नाहीत हे निमित्त मला बरं वाटत होतं.

"जा," सासरे म्हणाले. "बघ."

"बाबा, तुम्ही..."

"उस्ताद खाली बसलेत. मी कुठे उठतोय. जा."

मी हात उचलले. आधी एक, मग दुसरा. चादरीवर माझ्या घामाचे दोन पंजे उमटले होते. गुडघा तसाच राहिला. मी पलंगाला वळसा घातला, उस्तादांच्या शेजारी फरशीवर बसले आणि पिशवी उजेडाकडे वळवली.

तळाशी जेमतेम कोपरा भिजला होता. नळीच्या तोंडाशी एक थेंब फुगत होता, मी बघत असतानाच तो पडला. मागून दुसरा आला. खिडकीचा उजेड त्यांच्यातून आरपार जात होता. हिरवा चहा. पहिल्या वाफेचा, आम्ही पाहुण्याला देतो तसा फिका.

सासरे वर छताकडे बघत वाट पाहत होते. त्यांच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट थरथरत होते, आणि तेव्हा मला समजलं की सकाळपासून तेही माझ्याइतकेच घाबरलेले होते, फक्त भिंतीकडे तोंड करून.

"हिरवा आहे, बाबा," मी म्हटलं. "हिरवा."

त्यांनी श्वास सोडला. दूर कुठेतरी वेराचा आवाज आला, मशीन ढकलत ती कोणावर तरी खेकसत होती. उस्तादांनी काठी चाचपली, पलंगाची कड धरली आणि खोकले.

"सूनबाई," सासरे घाईनं म्हणाले. "ये लवकर, हात ठेव गुडघ्यावर. उस्ताद उठायला लागलेत."